गोळीला घरात जागा हवी

"गोळ्या वेळेवर घेतेस ना?"

"हो मॅडम."

"एकही चुकली नाही?"

"न्हाई मॅडम."

सरकारी दवाखान्यातल्या एआरटी केंद्रात समुपदेशक म्हणून मी कामाला लागले २००६ साली. तेव्हापासून हे दोन प्रश्न आणि ही दोन उत्तरं मी किती हजार वेळा ऐकली असतील, त्याचा हिशेब नाही. एचआयव्हीची बाधा झालेल्या माणसाला जन्मभर रोज ज्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्या आमच्या केंद्रात फुकट मिळतात. पण फुकट मिळणं वेगळं आणि रोज पोटात जाणं वेगळं. ते मला एका बाईनं शिकवलं. तिची परवानगी घेऊनच लिहितेय. नाव सांगत नाही, गाव सांगत नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदललेत.

२०२१ सालच्या श्रावणातली गोष्ट. ती नेहमीसारखी महिन्याच्या गोळ्या न्यायला आली. अंगावर साधीच पण नीटनेटकी साडी, हातात पिशवी, पिशवीत कागदाची पुडी. आमच्याकडे दर खेपेला उरलेल्या गोळ्या मोजायची पद्धत आहे. बाटलीत गोळ्या ३०. ती आली अठ्ठाविसाव्या दिवशी. म्हणजे दोन उरायला हव्यात. पुडी सोडली तर निघाल्या अकरा! नऊ दिवस गोळी पोटात गेलीच नव्हती. त्यातच तिच्या रक्ताचा व्हायरल लोडचा रिपोर्ट आलेला. एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या १४ हजार प्रती.

माझ्या पोटात धस्स झालं. कारण हीच बाई २०१९ मध्ये, दुसऱ्या लग्नाच्या आधी, आमच्याकडे आली होती तेव्हा तिच्या रिपोर्टवर 'विषाणू आढळला नाही' असं लिहिलेलं होतं.

तिचा पहिला नवरा गलाईच्या कामाला परराज्यात असायचा. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं काम. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली कित्येक घरं या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. तो २०१४ मध्ये आजारानं गेला आणि त्याच्या आजारपणात तिचीही तपासणी झाली. बावीस वर्षांची पोर. सासरच्यांनी माहेरी आणून सोडली. माहेरी आई होती. रात्री नऊची मालिका सुरू झाली की आई म्हणायची, "घे गं गोळी." झालं! इतकी वर्षं एक गोळी चुकली नाही.

मग गावाकडच्या ओळखीतल्या एका माणसाचं स्थळ आलं. त्याचीही बायको वारलेली, मूल नव्हतं. मोटर रिवाइंडिंगचं छोटं दुकान. त्याला सगळं सांगितलं गेलं. तो माझ्यासमोर बसून म्हणाला, "मॅडम, मला तिचा आजार माहीत आहे. मला फक्त एवढं सांगा, आम्ही संसार कसा करायचा?"

त्याला मी तेव्हा जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. कारण ते अजून कितीतरी शिकल्यासवरल्या घरांतही पोचलेलं नाही.

एचआयव्हीचा विषाणू शरीरात रोज स्वतःच्या नव्या प्रती काढत असतो. गोळ्या ते काम थांबवतात. विषाणू मरून नाहीसा होत नाही, तो शरीरात काही पेशींमध्ये दडून बसतो. पण रक्तात तो इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही. सहा महिने तरी नेमानं गोळ्या घेऊन रक्तातला विषाणू न सापडण्याइतका खाली आला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही. हे मी मनचं सांगत नाही. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांचा मोठा अभ्यास झाला. त्यात आपल्या पुण्यातलीही जोडपी होती. जोडप्यातल्या एकाला बाधा, दुसऱ्याला नाही. २०११ मध्ये निष्कर्ष आला की लवकर गोळ्या सुरू केल्या तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते. पुढे २०१६ मध्ये युरोपातल्या ८८८ जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निरोध न वापरता आलेले संबंध सुमारे ५८ हजार. बाधित जोडीदार गोळ्या घेत होता आणि त्याच्या रक्तातला विषाणू दबलेला होता. अशा जोडीदाराकडून झालेली लागण किती? शून्य.

म्हणजे गोळी नुसती औषध नाही, ती राखणही आहे. घेणाऱ्याची आणि तिच्या माणसांची. निरोधाचं महत्त्व त्यानं संपत नाही. बाकीचे गुप्तरोग आणि नको असलेली दिवस राहण्याची भीती यांवर तो लागतोच. पण "एचआयव्ही म्हणजे संसार संपला" ही गोष्ट आता खरी राहिलेली नाही.

फक्त यात एक अट आहे. गोळी रोज पोटात गेली पाहिजे.

मी आमच्या बायकांना शेतातलं उदाहरण देते. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर राखणदार लागतो. तो दिवसभर गोफण फिरवतो म्हणून पाखरं लांब राहतात. एक दिवस तो नाही आला, तर पाखरं उतरतात. आणि तो आज आला, उद्या नाही, परवा अर्धाच दिवस, असं करायला लागला तर पाखरं त्याला ओळखतात, मग त्याला भीतही नाहीत. विषाणूचं तसंच आहे. रक्तात औषध अर्धवट राहिलं की विषाणू बदलतो, त्या औषधाला दाद देईनासा होतो. मग आणखी वरच्या पायरीची औषधं द्यावी लागतात, आणि पायऱ्या मोजक्याच आहेत.

हे सगळं तिला ठाऊक होतं. मीच तीनदा सांगितलेलं. मग नऊ गोळ्या का राहिल्या?

आता माझी चूक कबूल करते. सुरुवातीच्या वर्षांत अशी बाई आली की मी रागवायची. "जिवाची काळजी नाही का? सरकार फुकट देतंय तर किंमत नाही!" आणि कार्डावर लिहायची, 'सूचना दिल्या'. बाई मान खाली घालून जायची आणि पुढच्या खेपेला हिशेब जुळवून आणायची. म्हणजे उरलेल्या गोळ्या वाटेत टाकून यायची! रागवण्यानं मला खोटं ऐकायला मिळालं, दुसरं काही नाही.

त्या दिवशी मात्र ती पुडी बघून मला वेगळाच प्रश्न सुचला. मी विचारलं, "बाटली कुठाय गं? गोळ्या कागदात का?"

ती गप्प. मग हळूच म्हणाली, "बाटली वाजती, मॅडम."

"म्हणजे?"

"घरात माझं म्हणून कपाट न्हाई. ट्रंकेत ठेवली तर जावेची पोरं उचकत्यात. बाटली खुळखुळली की सासूबाई विचारत्यात, कसलं गं? म्हणून कागदात बांधून तांदळाच्या डब्यात ठेवते. आत खोल."

"बरं. मग रोज काढून घेतेस ना?"

"रोज घेते. फक्त…" ती थांबली. "बाहेरची असले की चार दिवस डब्याला हात लावायचा नसतोय."

मी पेन खाली ठेवलं.

पंधरा वर्षं मी 'गोळी घेतेस का' विचारत होते. 'गोळी ठेवतेस कुठं' हे एकदाही विचारलं नव्हतं. त्या घरात पाळीचे चार दिवस सून ओसरीवर बसते, स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. गोळ्या तांदळात, आणि तांदूळ तिच्यासाठी परगावी! दर महिन्याला चार गोळ्या अशा जायच्याच. वर त्या महिन्यात सासऱ्यांचं वर्षश्राद्ध होतं. दोन दिवस स्वयंपाकघर पाहुण्या बायकांनी भरलेलं, डब्यात हात घालायची सोय नाही. आणि श्रावणी सोमवार तीन. "उपासाला औषध चालत न्हाई असं वाटलं," म्हणाली. चार, दोन आणि तीन. झाल्या नऊ! यात निष्काळजीपणा कुठं होता? उलट ही बाई इतकी काळजी घेत होती की त्या काळजीतच गोळी हरवली होती.

शिवाय कागदात, तांदळात ठेवलेल्या गोळ्यांना दमट हवा लागते. बाटलीत जी छोटी पुडी असते ना, 'खाऊ नका' लिहिलेली, ती ओल शोषून घ्यायला असते. ती फेकायची नाही आणि गोळी बाटलीबाहेर साठवायची नाही.

मी विचारलं, "नवऱ्याला माहीत आहे, गोळ्या चुकतात ते?"

"न्हाई. त्यांना वाईट वाटंल."

पुढच्या आठवड्यात दोघांना एकत्र बोलावलं. त्याची तपासणी केली. ती बाधा नसलेली आली तेव्हा आम्ही तिघांनीही सुस्कारा सोडला. दोघं निरोध वापरत होते म्हणून निभावलं. मी त्याला १४ हजारचा आकडा दाखवला आणि सांगितलं, "चूक हिची नाही. तुमच्या घरात या गोळीला जागा नाही. जागा तुम्ही करायची."

माणूस मोटारी दुरुस्त करणारा. बिघाड नेमका कुठं आहे हे कळलं की त्याला पुढचं सांगावं लागत नाही. बाटलीवरचं लेबल काढलं, आत कापसाचा बोळा घातला, म्हणजे वाजायला नको. बाटली गेली त्याच्या डब्याच्या पिशवीत. त्या पिशवीला घरात दुसरं कुणी हात लावत नाही. रात्री साडेआठला दुकान बंद करून आला की तो पाण्याचा तांब्या घेऊन खोलीत जायचा. ओसरीवर बसायचे चार दिवसही सुटले नाहीत. पहिल्यांदा तो तिच्यापाशी जाऊन बसला तेव्हा सासूबाई ओरडल्या, "अरे, लांब बस!" तो म्हणाला, "दमलोय आई, हितंच टेकतो." आणि मुठीतली गोळी तिच्या हातात गेली.

उपासाचंही मी समजावलं. तिची ती एकच गोळी होती, टीएलडी. एका गोळीत तीन औषधं, दिवसातून एकदा. ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबरही चालते. ज्या उपासाला पाणीही पीत नाहीत, त्याला काय करायचं? मी सांगितलं, "देवाला पाणी चालत नसेल तर चालत नसेल, पण औषधाचा घोट कुठल्या देवाला खुपत असेल असं मला नाही वाटत." ती हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. विषाणू आढळला नाही.

वाचकहो, औषधं आज किती सोपी झालीत हे नव्या मुलींना माहीत नसेल. आपल्या देशात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये चेन्नईत सापडले. सरकारी दवाखान्यातून या गोळ्या मोफत मिळू लागल्या १ एप्रिल २००४ पासून, आणि तेव्हाही प्रतिकारशक्ती दाखवणाऱ्या सीडी-फोर पेशी २०० च्या खाली आल्यावर. म्हणजे माणूस पार खंगल्यावर! दिवसातून दोनदा गोळ्या, काहींच्या गालाची चरबी जायची, चेहऱ्यावरूनच लोक ओळखायचे. २०१७ पासून सीडी-फोर कितीही असो, तपासणीत बाधा कळली की औषध सुरू करायचं असं ठरलं. आता एकच गोळी, त्रासही कमी. डॉक्टरांनी आपलं काम केलं. आता उरलंय ते आपल्या घरांचं काम.

आणि ते फक्त सासरचंच नाही. जन्मतःच बाधा असलेली एक कॉलेजची मुलगी माझ्याकडे येते. वसतिगृहात चारजणी एका खोलीत. "कसली गोळी?" विचारतील म्हणून ती जिन्यात जाऊन, पाण्याशिवाय गिळायची. कधी जिन्यात कुणी बसलेलं असलं की ती रात्र कोरडी. तिलाही मी रागवले नाही. आम्ही दोघींनी बसून वेळच बदलली. सकाळी दात घासताना, नळापाशी. तिथं कुणी कुणाकडे बघत नाही.

आता राहिलं बाळाचं. रिपोर्ट चांगले आल्यावर त्या दोघांनी तोच प्रश्न विचारला, जो विचारायला ती पहिल्या दिवसापासून घाबरत होती. "मूल होऊ शकतं का?"

काहीच उपाय केला नाही तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. आई नेमानं गोळ्या घेत असेल आणि बाळालाही औषध मिळालं तर ते पाच टक्क्यांच्या खाली येतं. गरोदरपणाआधीपासून विषाणू दबलेला असेल तर आणखीच कमी. डॉक्टरांचा सल्ला घेतला, रिपोर्ट पाहिले आणि २०२२ च्या शेवटी तिला दिवस राहिले.

गरोदरपणात लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतात. त्या आणि ही गोळी उपाशीपोटी एकत्र घेतल्या तर औषध नीट शोषलं जात नाही. म्हणून लोह-कॅल्शियम दिवसा, ही गोळी रात्री. हे फार जणींना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहितेय. आम्लपित्ताची औषधं घेतानाही डॉक्टरांना आधी विचारा.

पुढे तीही हुशार झाली होती. २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट सुरू झालं, तेव्हा म्हणाली, "बरं झालं मॅडम, आता गाडीभाड्यापायी तारीख चुकायची न्हाई."

सरकारी दवाखान्यातच बाळंत झाली. मुलगी! बाळाला सहा आठवडे नेव्हिरॅपिनचं औषध. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. इथं सासूबाई आडव्या आल्या. बाळगुटी हवी, मध हवा. वरचं आणि अंगावरचं दूध मिसळून दिलं तर बाळाच्या आतड्याला इजा होते आणि विषाणूला वाट मिळू शकते. पण हे सासूबाईंना सांगायचं कसं? डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं, "आजी, कुठल्याच बाळाला सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही द्यायचा नाही." त्यात खोटं काहीच नव्हतं. आजींनी ऐकलं.

बाळाची तपासणी सहाव्या आठवड्यात, सहाव्या महिन्यात, वर्षानं, आणि शेवटची दीड वर्षानं. प्रत्येक वेळी ती माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर पदर मुठीत धरून बसायची. २०२५ च्या सुरुवातीला शेवटचा रिपोर्ट आला. बाळाला बाधा नाही. नवऱ्यालाही नाही. तिनं पिशवीतून पेढ्याचा पुडा काढला. कागदाची पुडी बघून मला ती अकरा गोळ्यांची पुडी आठवली.

इथं गोष्ट संपवायला मला आवडलं असतं. पण एक गोष्ट राहते.

सासूबाईंना अजून काहीच माहीत नाही. बाळंतपणानंतर मुलानं आईला सांगितलं, "हिच्या रक्तात दोष आहे, डॉक्टरनं आयुष्यभराची गोळी दिलीय." तेव्हापासून रात्रीचे साडेआठ वाजले की सासूबाई स्वतः आवाज देतात, "गोळी घेतलीस का गं?" बाटली आता फडताळात, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांशेजारी असते.

"मग आता बरं वाटतं ना?" मी तिला विचारलं.

ती म्हणाली, "वाटतंय मॅडम. पण कधी कधी वाटतंय, सासूबाई ज्या मायेनं इचारत्यात, गोळीचं नाव कळल्यावर इचारतील का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायदा तिच्या बाजूनं आहे. सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार एचआयव्हीवरून कुणाशी नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करता येत नाही आणि तिच्या संमतीशिवाय तिची माहिती फोडता येत नाही. सासूला सांगायचं की नाही, केव्हा सांगायचं, हा तिचा प्रश्न आहे. मी तिला घाई करणार नाही. पण त्या फडताळात गोळीला जागा मिळाली ती नाव लपवून, हे मला टोचत राहतं.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात सून असेल, भाडेकरू मुलगी असेल, कामाला येणारी बाई असेल. ती गुपचूप एखादी गोळी घेताना दिसली तर "कसली गं?" असं विचारू नका. पाण्याचा पेला पुढे करा. घरातल्या प्रत्येक बाईला, कुणी उघडणार नाही असा एक कप्पा द्या, आणि पाळीच्या दिवसांतही तिचा हात पोचेल अशा जागी. आणि तुमच्यापैकी कुणी स्वतःच अशी गोळी लपवून घेत असेल, तर चुकलेल्या गोळ्या आमच्यापासून लपवू नका. १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही बोलता येतं. आपल्या केंद्रात या. तिथली बाई रागावली, तर तिला सांगा, "आधी मला विचारा, मी गोळी ठेवते कुठं."